गुणपत्रिकेवरील आकडा कोठून येतो?

परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : किती गुण पडले? शेजारी विचारतात, पाहुणे विचारतात, लग्नकार्याला जमलेले सोयरेधायरेही विचारतात. आकडा ऐकून कोणी पाठ थोपटतो, कोणी नुसतीच मान हलवितो, आणि पुढे कित्येक दिवस तो आकडा त्या मुलाच्या नावाला चिकटून राहतो. तो तयार कसा झाला हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तराजूत धान्य घालावे आणि काटा दाखवील ते वजन मान्य करावे, इतकाच सरळ हा व्यवहार आहे अशी आपली सर्वांची समजूत असते.

या समजुतीची खरी कसोटी लागली ती अमेरिकेत. लाखो शाळकरी मुलांना एकाच साच्याची प्रश्नपत्रिका द्यावयाची, उत्तरे यंत्राने तपासावयाची आणि निकाल छापून घरी पाठवावयाचा, हा उद्योग त्या देशाच्या सरकारी शाळांत जितक्या मोठ्या प्रमाणावर झाला तितका फार थोड्या ठिकाणी झाला असेल. (तिकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे करदात्यांच्या पैशावर चालणारी, फी न घेणारी शाळा. आपल्याकडे त्याच नावाच्या पाटीखाली भरभक्कम फी घेणाऱ्या खाजगी शाळा चालतात, म्हणून हा खुलासा.) तिकडे जे घडले ते आपल्या घरातील आईबापांनीही समजून घेण्याजोगे आहे, कारण त्याच प्रकारचे आकडे आता आपल्याही दारी येऊ लागले आहेत.

इ. स. २००० मधील मिनेसोटा राज्याची हकीकत घ्या. तेथे शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यासाठी गणिताची एक ठराविक परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक केलेले होते. त्या वर्षी फेब्रुवारीत परीक्षा झाली. तपासणीचे काम राज्याने एका मोठ्या खाजगी कंपनीकडे सोपविले होते. निकाल लागला, नापासांना तशी पत्रे गेली. त्यांपैकी एका मुलीचा बाप पेशाने वकील होता. आपल्या मुलीचा पेपर आपणांस प्रत्यक्ष पाहू द्यावा, अशी मागणी त्याने शिक्षण खात्याकडे केली. ती तत्काळ मान्य झाली नाही, पण गृहस्थ चिकाटीचा निघाला. अखेर जुलै महिन्यात पेपर त्याच्यासमोर आला. प्रश्न वाचावा, मुलीचे उत्तर पाहावे आणि छापील उत्तरसूचीशी ताडून पाहावे, असे करता करता ध्यानात आले की मुलीची कित्येक उत्तरे बरोबर असून चूक ठरविलेली आहेत. उत्तरसूचीच चुकली होती! यंत्राने आपले काम चोख बजावले होते. चुकीच्या सूचीबरहुकूम त्याने हजारो मुलांचे पेपर एकही चूक न करता तपासले होते.

हिशेब पुन्हा मांडला गेला तेव्हा सुमारे ४७,००० मुलांना मिळावयास हवे होते त्याहून कमी गुण मिळाले होते असे दिसून आले. त्यांतील जवळजवळ ८,००० मुले उत्तीर्ण असून नापास ठरली होती. कोणी उन्हाळ्याच्या सुट्टीत पुन्हा वर्गात बसले, कोणी हाती आलेले काम सोडले, शेवटच्या वर्षातील काहींना आपल्या सोबत्यांबरोबर पदवीदान समारंभात उभे राहता आले नाही. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००२ साली कंपनीने मुलांना सुमारे ७० लाख डॉलर देऊन तडजोड केली. परंतु समारंभ एकदाच असतो. तो दिवस डॉलर देऊन परत आणता येत नाही.

एवढ्या हजारो घरांत ते पत्र गेले. इतर आईबापांपैकीही कोणी कुरकुर केली असेल. पण पेपर डोळ्यांनी पाहीपर्यंत न थांबणारा एक जण निघाला म्हणून चूक उघडकीस आली, नाहीतर ती कदाचित तशीच पचून गेली असती.

आता कोणी म्हणेल की यंत्राचे खूळ सोडून द्यावे आणि गुरुजींनी हाताने पेपर तपासावेत हेच बरे. तिकडील लोक यंत्राकडे वळले त्यालाही कारण होते. १९१२ साली विस्कॉन्सिन विद्यापीठातील स्टार्च व एलियट या दोघांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांचे इंग्रजीचे दोन पेपर घेऊन त्यांच्या नकला त्यांनी निरनिराळ्या शाळांतील शिक्षकांकडे तपासण्यासाठी पाठविल्या. १४२ शिक्षकांनी त्यांना गुण दिले. एकाच पेपराला कोणी ६४ दिले, कोणी ९८. दुसऱ्याला कोणी ५०, तर कोणी ९७! भाषेचा विषय, तेव्हा आवडनिवड आलीच, असे म्हणावे, तर पुढच्या वर्षी भूमितीच्या पेपरावर तोच प्रयोग केला तेव्हा गुणांतील तफावत त्याहूनही मोठी निघाली. पेपर एकच, तो कोणाच्या टेबलावर पडतो यावर मुलाचे नशीब.

हा अन्याय टळावा म्हणून कॅन्सस राज्यातील फ्रेडरिक केली यांनी १९१५ च्या सुमारास वाचनाची एक परीक्षा रचली. तीत दिलेल्या उत्तरांपैकी योग्य त्यावर खूण करावयाची, लिहावयाचे काही नाही. तपासणाऱ्याच्या मर्जीला वावच ठेवला नाही. पुढे मिशिगन राज्यातील रेनॉल्ड जॉन्सन नावाच्या विज्ञान शिक्षकाने अशा खुणा मोजणारे यंत्र बनविले. पेन्सिलीच्या शिशातून वीज वाहते, हे तत्त्व. लहानपणी पोरांच्या खोड्या करताना मोटारीच्या इंजिनातील ठिणगीच्या भागावर पेन्सिलीच्या रेघा ओढल्या की मोटार सुरू होत नाही, हे त्यांना ठाऊक झाले होते. तीच खोडी उपयोगी पडली. आयबीएम कंपनीने हे यंत्र १९३८ साली बाजारात आणले. सरावलेला माणूस त्यावर तासाला सुमारे ८०० उत्तरपत्रिका तपासू शके. नंतर आयोवा विद्यापीठातील लिंडक्विस्ट यांनी १९५५ साली प्रकाशाच्या साह्याने खुणा वाचणारे त्याहून वेगवान यंत्र उभे केले.

तेव्हा यंत्र आले ते न्यायासाठी आले, हे विसरता कामा नये. मात्र गुरुजींची चूक एका वर्गापुरती असते, यंत्राची चूक राज्यभर पसरते. आणि यंत्राला हवापाण्याचीही बाधा होते! ऑक्टोबर २००५ मध्ये तिकडील महाविद्यालय-प्रवेशाच्या ‘सॅट’ परीक्षेच्या काही उत्तरपत्रिका ओलसर हवेने फुगल्या. कागद किंचित पसरला, खुणा जागच्या हलल्या, आणि चार हजारांवर मुलांना हक्काहून कमी गुण मिळाले. आमच्या कोकण-गोव्यातील श्रावणात कागदाची काय अवस्था होते ते ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही.

परंतु खुणा बरोबर मोजल्या म्हणजे निकाल तयार झाला असेही नाही. खरी गुंतागुंत त्यापुढे सुरू होते. मुलाची पन्नासपैकी पस्तीस उत्तरे बरोबर आली, हे झाले त्याचे कच्चे गुण. यंदाची प्रश्नपत्रिका गतवर्षीपेक्षा कठीण असेल तर यंदाचे पस्तीस आणि गतवर्षीचे पस्तीस सारखे कसे मानावयाचे? पूर्वी आपल्याकडे धान्य पायलीने मोजीत, आणि एका प्रांताची पायली दुसऱ्या प्रांताच्या पायलीशी जुळत नसे. व्यापाऱ्याला दोन्ही मापे ताडून पाहावी लागत. तसेच येथे करतात. काही प्रश्न दोन्ही वर्षांच्या परीक्षांत सारखेच ठेवतात, त्यांवरून कोणता पेपर किती कठीण होता याचा अंदाज बांधतात आणि कच्चे गुण एका समाईक मापावर चढवितात. घरी येतो तो आकडा या मापावरचा असतो. तो कधी ६५०, कधी २१८ असा विचित्र दिसतो, आणि तो शेकडा किती हे विचारण्यात अर्थ नसतो.

न्यूयॉर्क शहरात १९९९ साली घोटाळा झाला तो नेमका या पायरीवर. वाचनाच्या परीक्षेची उत्तरे बरोबर तपासली गेली होती, उत्तरसूचीही ठीक होती. पण कच्च्या गुणांचे रूपांतर करताना कंपनीच्या हिशेबात चूक झाली आणि पुष्कळ मुलांचे स्थान होते त्याहून खाली दाखविले गेले. त्या वर्षी कमी गुणांच्या मुलांना उन्हाळी शाळा सक्तीची केली होती. ८,६०० हून अधिक मुले चुकीने त्या शाळेत पाठविली गेली, आणि उन्हाळा सरून सप्टेंबर उजाडला तेव्हा ही गोष्ट जाहीर झाली. मिनेसोटातील बापाप्रमाणे येथे कोणी पेपर पाहिला असता तरी त्याला काही सापडले नसते, कारण पेपरात चूक नव्हतीच.

‘स्थान’ हा शब्द वर आला, त्याबद्दल थोडे विस्ताराने सांगणे जरूर आहे, कारण आपल्या घरांतून सर्वांत अधिक गैरसमज याविषयी आढळतो. शेकडा गुण निराळे आणि शततमक, ज्याला सर्वजण पर्सेंटाइल म्हणतात, ते निराळे. परीक्षेला बसलेल्या शंभर मुलांना गुणांच्या क्रमाने ओळीत उभे केले आणि आपल्या मुलाच्या मागे साठ जण राहिले, तर त्याचे शततमक साठ. त्याने शंभरांपैकी साठ गुण मिळविले असा याचा अर्थ मुळीच नव्हे. पेपर फार कठीण असेल तर चाळीस टक्के गुणांवरही नव्वदावे शततमक मिळू शकेल, सोपा असेल तर ऐंशी टक्क्यांवरही मूल मागच्या रांगेत असेल. आपल्या देशात अभियांत्रिकी प्रवेशाच्या ‘जेईई मेन’ परीक्षेचा निकाल २०१९ पासून शततमकात देतात. ही परीक्षा अनेक पाळ्यांत होते, प्रत्येक पाळीचा पेपर वेगळा असतो, म्हणून प्रत्येक मुलाचे स्थान त्याच्याच पाळीतील मुलांत ठरवितात. ‘पोराला ऐंशी पडले’ म्हणून पेढे वाटणारा बाप आणि ‘ऐंशीच?’ म्हणून रागावणारा बाप, दोघांनाही बहुधा कोणी नीट समजावून दिलेले नसते.

ओळीतील स्थान सांगावयाचे तर ओळ कोणाची, हा प्रश्न येतोच. यावरून १९८७ साली अमेरिकेत मोठी गंमत झाली. वेस्ट व्हर्जिनिया हे तिकडील गरीब राज्यांपैकी एक. तेथील एका खेड्यात डॉ. जॉन कॅनेल वैद्यकी करीत. आपल्या राज्यातील मुले परीक्षांत देशाच्या सरासरीपेक्षा वर आहेत असे वृत्तपत्रांतून वाचून त्यांना शंका आली. त्यांनी एकेका राज्याला विचारणा केली, तो काय, पन्नासही राज्ये सरासरीच्या वर! सगळेच जण सरासरीपेक्षा उंच कसे असू शकतील? कारण असे की तुलनेची ओळ जुनी होती. काही वर्षांपूर्वी ज्या मुलांवरून सरासरी काढून ठेवली होती तिच्याशीच नव्या मुलांना ताडून पाहत होते, आणि तोवर त्या परीक्षेचे प्रश्न शिक्षकांच्या चांगले परिचयाचे झाले होते. गॅरिसन कीलर यांच्या नभोवाणीवरील कार्यक्रमात लेक वोबेगॉन नावाचे एक काल्पनिक गाव होते, जेथील सर्व मुले सरासरीहून हुशार असत. तेच नाव या प्रकाराला कायमचे पडले. एक खेड्यातला डॉक्टर, ना शिक्षणाधिकारी ना प्राध्यापक, पण साधा हिशेब त्यालाच सुचला.

आता ‘पास’ आणि ‘नापास’. हे दोन शब्द तरी पक्के असतील असे वाटते. पण उत्तीर्णतेची रेषा निसर्गाने आखलेली नसते. शिक्षक आणि तज्ज्ञ एकत्र बसून एकेक प्रश्न वाचतात, जेमतेम तयारीच्या मुलाला तो कितपत येईल याचा अंदाज करतात आणि त्यावरून रेषा सुचवितात. पक्की करतो तो राज्याचा अधिकारी. न्यूयॉर्क राज्यात २००९ साली तिसरी ते आठवीच्या मुलांपैकी ८६ टक्के गणितात ‘प्रवीण’ ठरली होती. परीक्षा फार सोपी झाली आहे अशी टीका होऊ लागली, म्हणून २०१० मध्ये राज्याने रेषा वर सरकविली. प्रवीणांचे प्रमाण ६१ टक्क्यांवर आले. इंग्रजीत ते ७७ वरून ५३ वर घसरले. एका वर्षात राज्यातील मुलांची बुद्धी मंदावली होती काय? मुले होती तेथेच होती. पण ज्या घरी आदल्या वर्षी ‘आपले मूल चांगले चालले आहे’ असा कागद आला होता, त्याच घरी आता ‘मागे पडले आहे’ असा आला. माझ्या मते यातील पहिला कागद अधिक घातक. मागे पडलेल्या मुलाला मदत लागते, आणि कागद ‘ठीक’ म्हणतो तोवर ती मदत कोणी देत नाही.

ही रेषा पुढे साऱ्या देशात शाळांचे भवितव्य ठरवू लागली. ‘कोणतेही मूल मागे राहू नये’ अशा नावाचा कायदा जानेवारी २००२ मध्ये अमेरिकेत झाला. तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी वाचन व गणित यांची परीक्षा, शाळेवार निकाल जाहीर, आणि २०१४ पर्यंत शंभर टक्के मुले प्रवीण झाली पाहिजेत, असे त्यात होते. हेतू वाईट नव्हता. गरिबांची, कृष्णवर्णीयांची, परभाषक मुलांची प्रगती निराळी दाखविण्याची सक्ती प्रथमच झाली, त्यामुळे शाळेच्या सरासरीआड त्यांना दडविता येईना. ही त्या कायद्याची जमेची बाजू मानलीच पाहिजे. पण निकालात मोजले जाई ते फक्त रेषेच्या वर किती, एवढेच. तेव्हा कित्येक शाळांत शिक्षकांचे लक्ष रेषेलगतच्या मुलांवर एकवटले. दोन-चार गुणांनी हुकणारा मुलगा शाळेला उपयोगी. फार मागे असलेला आणि फार पुढे गेलेला, दोघेही तिच्या आकड्यात भर घालीत नव्हते.

अटलांटा शहरात गोष्ट याच्याही पलीकडे गेली. उत्तरपत्रिकांवर चुकीची उत्तरे खोडून बरोबर केल्याच्या खुणा अतोनात आढळल्या म्हणून चौकशी झाली. जुलै २०११ च्या अहवालात ४४ शाळांतील १७८ शिक्षक व मुख्याध्यापक यांची नावे आली. २०१५ साली अकरा जणांना न्यायालयाने दोषी ठरविले. येथेही खरा तोटा मुलांचाच झाला. ज्याला वाचता येत नव्हते त्याला येते असे कागदावर लिहिले गेले आणि त्याच्या मदतीची वाट बंद झाली. डिसेंबर २०१५ मध्ये तो कायदा जाऊन नवा आला. वार्षिक परीक्षा राहिल्या, मात्र शाळांवर काय कारवाई करावयाची हे ठरविण्याचा अधिकार बहुतांशी राज्यांकडे गेला.

एक गोष्ट तिकडील चांगल्या निकालपत्रांत असते, ती आपल्या गुणपत्रिकांत सहसा दिसत नाही. आकड्याच्या दोन्ही बाजूंना एक पट्टा दाखविलेला असतो. तेच मूल दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या तशाच पेपराला बसले असते तर त्याचे गुण साधारण या पट्ट्यात कोठेतरी आले असते, असा त्याचा अर्थ. ‘सॅट’च्या प्रत्येक विभागात २०० ते ८०० गुण असतात, आणि हा पट्टा सुमारे तीस-चाळीस गुण खाली आणि तितकेच वर असा धरतात. म्हणजे ५४० आणि ५६० मिळविणाऱ्या दोन मुलांत अमुक हुशार, तमुक मंद असे ती परीक्षा घेणारी संस्थाही छातीठोकपणे सांगत नाही. आपल्याकडे एका गुणावरून दोन भावंडांत तुलना होते, चुलत भावंडांची तर विचारूच नका.

मिनेसोटातील त्या बापाला जे भांडून मिळवावे लागले ते आपल्या देशात आता कायद्याने मान्य झालेले आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या एका प्रकरणात ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा व तिची प्रत घेण्याचा हक्क आहे. अनेक परीक्षा मंडळे ठराविक शुल्क घेऊन छायाप्रत देतात. तेव्हा निकालात काही विपरीत दिसले, वर्षभर बरा चाललेला मुलगा एकाच विषयात अकस्मात कोसळला, तर त्याला बोल लावण्यापूर्वी आधी शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना किंवा वर्गशिक्षकांना भेटावे, अर्जाची मुदत विचारावी आणि प्रत मागवावी. मुदत फार थोड्या दिवसांची असते. प्रत आल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात : एखादे पान किंवा पुरवणी तपासावयाची राहून गेली आहे काय, प्रत्येक प्रश्नाचे गुण आतून मुखपृष्ठावर बरोबर उतरले आहेत काय, आणि त्यांची बेरीज जुळते काय. यासाठी घरात कोणी पदवीधर असण्याची गरज नाही. बाजाराचा हिशेब ठेवणारी आई हे काम उत्तम करू शकते. उत्तराच्या योग्यायोग्यतेचा प्रश्न असेल तर त्या विषयाच्या शिक्षकांना सोबत बसवून घ्यावे आणि मगच फेरतपासणीचा अर्ज भरावा, कारण काही मंडळांच्या नियमांप्रमाणे फेरतपासणीत गुण कमीही होऊ शकतात आणि नंतरचे तेच कायम धरले जातात.